‘सब्जेक्ट टू’ : कचेरीच्या कागदातील दोन शब्द

कचेरीतून येणाऱ्या इंग्रजी कागदांत जे शब्दप्रयोग पुन्हा पुन्हा भेटतात, त्यांत ‘सब्जेक्ट टू’ या जोडीचा क्रमांक फार वरचा लागेल. नेमणुकीचा हुकूम असो, कर्जमंजुरीचे पत्र असो, व्यापाऱ्याचे बिल असो की संसदेने केलेला अधिनियम असो, हे दोन शब्द कोठे ना कोठे असतातच. आकाराने ते लहान आहेत. परंतु वाक्यातील ‘मंजूर’, ‘देण्यात येत आहे’, ‘हक्क राहील’ अशा ठसठशीत शब्दांना लगाम घालण्याचे सामर्थ्य त्यांच्या ठायी आहे. वाचणाऱ्याची दृष्टी ठसठशीत शब्दावर खिळते आणि लगाम नजरेतून सुटतो. त्यातून होणारे नुकसान कधी पैशाचे असते, कधी जमिनीचे, तर कधी एका संपूर्ण हंगामाचे. म्हणून प्रस्तुत लेखात या एकाच शब्दप्रयोगाचा काहीसा सविस्तर परिचय करून देण्याचे योजिले आहे.

उदाहरणासाठी एखादे गाव डोळ्यांसमोर असलेले बरे. आपण कर्नाटकाच्या उत्तर कन्नड जिल्ह्यातील नंदिगड्डे हे गाव घेऊ. ते जोयडा तालुक्यात आहे. हा तालुका काळी नदीच्या खोऱ्यातला, रानाने वेढलेला. पूर्वी तो सुपा तालुका म्हणून ओळखला जाई. सुपा गाव धरणाच्या जलाशयाखाली गेले आणि तालुक्याचे ठाणे जोयड्यास आले. दांडेली अभयारण्य व अणशी राष्ट्रीय उद्यान मिळून २००७ साली येथे व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला, व २०१५ पासून तो काळी व्याघ्र प्रकल्प या नावाने ओळखला जातो. अशा मुलखात शेत, पायवाट, विजेचा खांब, शाळेची खोली यांपैकी कशाचाही प्रश्न निघाला की बहुधा कागद निघतो, आणि कागदात अट निघते.

भाषेच्या दृष्टीनेही हे उदाहरण बोधप्रद आहे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हा जिल्हा मुंबई राज्यात होता. राज्यपुनर्रचनेनंतर तो तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला. या भागात घरात कोकणी आणि मराठी बोलली जाते, तालुक्याच्या कचेरीचा व्यवहार कन्नडमधून चालतो, आणि बँका, विमा कंपन्या, केंद्र सरकारची खाती व न्यायालये यांचे कित्येक कागद इंग्रजीत येतात. एकच अट तीन भाषांच्या चाळणीतून गावकऱ्यापर्यंत पोहोचते. अर्थ सांडण्याची भीती तेथे तिप्पट.

समजा, नंदिगड्ड्याच्या एका शेतकऱ्याने पाण्याच्या पंपासाठी बँकेकडे कर्ज मागितले आणि पुढील वाक्य असलेले पत्र त्याच्या हाती पडले : ‘युवर लोन इज सँक्शन्ड सब्जेक्ट टू व्हेरिफिकेशन ऑफ लँड रेकॉर्ड्स.’ हे वाक्य तीन चुकीच्या रीतींनी वाचले जाऊ शकते. पहिली चूक उतावळ्याची : ‘सँक्शन्ड’ एवढाच शब्द ओळखीचा, म्हणून कर्ज मिळाले असे समजून तो पंपाच्या दुकानात विसार देऊन मोकळा होतो. दुसरी चूक अर्धवट जाणत्याची : शाळेच्या वेळापत्रकात ‘सब्जेक्ट’ म्हणजे विषय, पत्राच्या माथ्यावरही ‘सब्जेक्ट’ म्हणजे विषय, तेव्हा ‘जमिनीचे कागद हा या पत्राचा विषय आहे’ असे तो सांगतो आणि पत्र घडी करून ठेवून देतो. तिसरी चूक पोळलेल्याची : कचेरीने काहीतरी खोडा घातला, म्हणजे नकारच दिला, असे मानून तो पुन्हा बँकेची पायरी चढत नाही. तिघांचेही नुकसान होते, आणि तिसऱ्याचे बहुधा सर्वांत अधिक. कारण त्याच्या हातात आलेली गोष्ट तो आपण होऊन सोडून देतो.

बरोबर अर्थ असा : ‘आपल्या जमिनीच्या कागदपत्रांची पडताळणी समाधानकारक झाल्यास आपले कर्ज मंजूर समजावे.’ म्हणजे बँकेने निर्णय घेतलेला आहे, मात्र तो आजपासून अंमलात येत नाही. मध्ये एक दार आहे. ते उघडेपर्यंत पैसे मागता येणार नाहीत, आणि ते उघडले की कर्जाचा विचार पुन्हा पहिल्यापासून करण्याचे कारण उरत नाही.

आता या शब्दाच्या मुळाकडे थोडे वळू. लॅटिन भाषेत ‘सब्’ म्हणजे खाली, आणि त्यापुढील अंश ‘टाकणे’ या अर्थाच्या धातूपासून आलेला. ‘सब्जेक्ट’ म्हणजे जो दुसऱ्याच्या खाली आहे तो. राजाची प्रजा या अर्थानेही हाच शब्द वापरतात. मराठीतील ‘अधीन’ या शब्दातही तेच चित्र आहे, कारण त्यातील ‘इन’ म्हणजे धनी, स्वामी. ज्याच्यावर धनी आहे तो अधीन. कन्नडमध्ये याच ठिकाणी ‘ओळपट्टु’ हा शब्द येतो. ‘ओळ’ म्हणजे आत. तेव्हा तेथील कल्पना ‘अटीच्या कक्षेत आलेला’ अशी आहे. जोयड्याच्या कचेरीतून आलेल्या कागदावर ‘षरत्तुगळिगे ओळपट्टु’ असे दिसले तर ते ‘सब्जेक्ट टू कंडिशन्स’चेच रूप होय, आणि त्यातील ‘षरत्तु’ म्हणजे आपली ‘शर्त’च. अरबीतून आलेला हा एकच शब्द दोन्ही भाषांनी आपापल्या परीने उच्चारला, एवढाच फरक. मराठी वाचकाला कन्नड लिपी येत नसली तरी कोणी वाचून दाखविताना हा शब्द कानावर पडला की त्याने सावध व्हावे.

शर्त ही कल्पना आपल्या शेतकऱ्याला नवी नाही. महाराष्ट्रात ‘नव्या शर्ती’ची जमीन म्हणजे काय, हे खेड्यातील पोरसवदा मुलगाही सांगेल. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये भोगवटादारांचे जे वर्ग सांगितले आहेत, त्यांतील पहिल्या वर्गाची जमीन हस्तांतरावर निर्बंध नसलेली, तर दुसऱ्या वर्गाची जमीन कायम भोगवट्याची, परंतु हस्तांतराच्या निर्बंधांना अधीन. जमीन कसा, पीक घ्या, वारसांना ठेवा. पण परवानगीवाचून विकू नका. सातबाराच्या उताऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ असे लिहिलेले असते, ते एक प्रकारे ‘सब्जेक्ट टू’चेच मराठी रूप आहे. ज्याने हा शेरा न वाचता जमीन विकत घेतली त्याचे काय होते, हे गावोगाव पाहावयास मिळते.

येथे एक महत्त्वाचा भेद ध्यानात घ्यावयास हवा. अट केव्हा लागू होते, यावर ‘सब्जेक्ट टू’ या शब्दांचे सारे बळ अवलंबून असते. वरील कर्जाच्या पत्रात अट आधीची आहे; ती पुरी होईपर्यंत हाती काहीच येत नाही. दुसऱ्या वर्गाच्या जमिनीत अट सोबतची आहे. जमीन आजच हाती आहे, पण अट तिच्याबरोबर पिढ्यान्‌पिढ्या चालते. तिसरा प्रकार नंतरच्या अटीचा. एखाद्या शिक्षकाला नेमणुकीचा हुकूम मिळतो आणि त्यात लिहिलेले असते की ही नेमणूक न्यायालयापुढील अर्जाच्या निकालास ‘सब्जेक्ट’ आहे. अशा वेळी तो शिक्षक आज रीतसर नेमलेला असतो. त्याने रुजू व्हावे, शिकवावे, वेतन घ्यावे. मात्र निकाल विरुद्ध गेला तर ती नेमणूक तुटू शकते. ‘निकाल लागेपर्यंत थांबावे’ असा अर्थ करून जो रुजूच होत नाही, तो हातची जागा घालवून बसतो. इंग्रजीत तिन्ही ठिकाणी शब्द तेच. फरक कळतो तो अटीच्या स्वरूपावरून, आणि तो ओळखण्याचे काम वाचणाऱ्यावर सोपविलेले असते.

मराठी भाषांतरात मात्र हे तिन्ही वेगळे दाखविता येतात, आणि दाखवावेत असे आम्हांस वाटते. आधीच्या अटीला ‘झाल्यास’ किंवा ‘झाल्यानंतर’, सोबतच्या अटीला ‘या अटीवर’, नंतरच्या अटीला ‘निकालाप्रमाणे बदलास पात्र राहून’. महाराष्ट्रात १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झाले आणि १९६४ साली राजभाषा अधिनियम झाला. त्या सुमारापासून ‘च्या अधीन राहून’ व ‘च्या अधीनतेने’ ही रूपे प्रशासनात व विधिग्रंथांत स्थिरावली. कायद्याच्या मसुद्यात ती असणे योग्यच आहे, कारण तेथे एका शब्दाला एकच प्रतिशब्द ठेवावा लागतो. परंतु गावकऱ्याला पाठवावयाच्या पत्रात ‘निधीच्या उपलब्धतेच्या अधीन राहून’ असे लिहिण्यापेक्षा ‘निधी मिळाल्यास’ असे लिहिले तर शासनाचे काय बिघडते? चार शब्दांचे काम दोन शब्दांत होते आणि वाचणाऱ्याला दुभाष्या शोधावा लागत नाही.

दैनंदिन व्यवहारात हा शब्दप्रयोग आणखी कोठे कोठे भेटतो, ते पाहू. हुबळीच्या व्यापाऱ्याच्या बिलावर तळाशी ‘सब्जेक्ट टू हुबळी जुरिसडिक्शन’ असे छापलेले असते. त्याचा आशय असा की, या व्यवहारातून तंटा उद्भवल्यास तो हुबळीच्या न्यायालयात चालावा. धनादेशाने पैसे भरल्यावर मिळणाऱ्या पावतीवर ‘सब्जेक्ट टू रिअलायझेशन’ असते; म्हणजे धनादेश वटला तरच पावती खरी. दरपत्रकावर किमती ‘सब्जेक्ट टू चेंज’ असतात, म्हणजे पूर्वसूचनेवाचून बदलू शकतात. यांपैकी धनादेशाच्या पावतीकडे विशेष लक्ष द्यावे. हप्त्याच्या शेवटच्या दिवशी धनादेश देऊन पावती खिशात घातली म्हणजे हप्ता भरला, असे होत नाही.

याच शब्दांचा एक अगदी निराळा उपयोगही आहे, आणि तेथे ‘अट’ हा अर्थ लावला तर हसे होते. ‘द घाट रोड इज सब्जेक्ट टू लँडस्लाइड्स’ या वाक्याचा अर्थ ‘दरडी कोसळल्यास घाटरस्ता’ असा नव्हे. ‘या घाटात दरडी कोसळण्याचा धोका असतो’ असा आहे. ‘सब्जेक्ट टू टॅक्स’ म्हणजे करास पात्र. गुंतवणुकीच्या जाहिरातींत अतिशय घाईने म्हटले जाणारे ‘सब्जेक्ट टू मार्केट रिस्क्स’ हे वाक्यही याच जातीचे : बाजाराच्या चढउताराचा फटका या पैशाला बसू शकतो. वर्गात शिकविताना एक सोपी कसोटी सांगता येईल. ‘सब्जेक्ट टू’च्या जागी ‘झाल्यास’ घालून पाहावे. अर्थ जुळला तर ती अट. न जुळला तर ‘चा धोका’ किंवा ‘ला पात्र’ घालून पाहावे. दोन्हीही न जुळता ‘नियमांच्या चौकटीत’ असे म्हणावेसे वाटले, तर तेथे एका नियमावर दुसऱ्या नियमाची सत्ता सांगितलेली आहे असे समजावे.

व्याकरणाच्या अंगाने दोन गोष्टी विद्यार्थ्यांकडून वारंवार चुकतात. ‘टू’ पाहिला की पुढे क्रियापद द्यावे, ही सवय ‘आय वाँट टू गो’ अशा वाक्यांनी लागलेली असते. येथील ‘टू’ मात्र शब्दयोगी अव्यय आहे. त्यापुढे नाम किंवा नामासारखे रूपच आले पाहिजे. ‘सब्जेक्ट टू गेट परमिशन’ हे अशुद्ध, ‘सब्जेक्ट टू गेटिंग परमिशन’ हे शुद्ध, आणि ‘सब्जेक्ट टू परमिशन’ हे शुद्ध व सुटसुटीत. दुसरी गोष्ट ‘सब्जेक्टेड टू’ची. तेवढ्या ‘एड’ने अर्थ पालटतो. ‘ही वॉज सब्जेक्टेड टू एन्क्वायरी’ म्हणजे त्याला चौकशीला तोंड द्यावे लागले, चौकशी त्याच्यावर लादली गेली. विशेषण असताना आघात पहिल्या अक्षरावर, क्रियापद असताना दुसऱ्या अक्षरावर, हा उच्चारातील भेदही शिक्षकांनी ऐकवावा.

वाक्यातील स्थानाविषयी अधिकाऱ्यांना एक विनंती करावीशी वाटते. ‘ग्रामपंचायत मे रिपेअर द स्कूल अँड डिग अ वेल सब्जेक्ट टू अव्हेलेबिलिटी ऑफ फंड्स’ असे वाक्य लिहिले, तर निधीची अट विहिरीपुरती की शाळेच्या दुरुस्तीलाही? लिहिणाऱ्याच्या मनात उत्तर असते; कागदावर ते नसते. पाऊस तोंडावर आला असताना शाळेची कौले बदलावयाची की निधीची वाट पाहावयाची, हा निर्णय मग एका संदिग्ध वाक्यावर लोंबकळत राहतो. एका वाक्याची दोन वाक्ये केली तर हा घोटाळा उद्भवणार नाही.

आता या विषयाच्या सर्वांत महत्त्वाच्या भागाकडे येऊ. कायद्याच्या भाषेत ‘सब्जेक्ट टू’चा एक प्रतिस्पर्धी आहे, त्याचे नाव ‘नॉटविथस्टँडिंग’. मराठीत त्याचे भाषांतर ‘मध्ये काहीही अंतर्भूत असले तरी’ असे करतात. दोघांची कामे उलट आहेत. ‘सब्जेक्ट टू’ म्हणतो, ‘माझ्यावर दुसरा आहे.’ ‘नॉटविथस्टँडिंग’ म्हणतो, ‘दुसऱ्यावर मी आहे.’ दोन नियमांत विरोध आला तर कोणता वरचढ ठरणार, हे या दोन शब्दांवरून ठरते.

हे दोन्ही शब्द एकाच वाक्यात शेजारी शेजारी पाहावयाचे असतील, तर वनहक्क अधिनियम, २००६ मधील कलम ४ चे पहिले पोटकलम वाचावे. जोयड्यासारख्या तालुक्यात हे वाक्य शाळेतल्या धड्याइतके परिचित असावयास हवे. त्याचा भावार्थ असा : अन्य कोणत्याही कायद्यात काहीही असले तरी, आणि या अधिनियमाच्या तरतुदींना अधीन राहून, केंद्र शासन वनवासी अनुसूचित जमातींचे व इतर पारंपरिक वननिवासींचे वनहक्क मान्य करीत आहे व ते त्यांच्याकडे निहित करीत आहे. पहिला शब्द बाहेरची कवाडे बंद करतो. दुसरा आतील पायऱ्या दाखवितो. म्हणजे हक्कावर अटी आहेत, परंतु त्या याच अधिनियमात शोधावयाच्या. त्याच कलमाच्या सातव्या पोटकलमात ही गोष्ट अधिक स्पष्ट केली आहे : हे हक्क सर्व बोजांपासून व कार्यपद्धतीच्या आवश्यकतांपासून मुक्त असे द्यावयाचे आहेत. वन (संरक्षण) अधिनियम, १९८० खालील मंजुरीची आवश्यकताही त्यात येते; अपवाद फक्त या अधिनियमातच विनिर्दिष्ट केलेल्या गोष्टींचा. (१९८० च्या त्या अधिनियमाचे नाव २०२३ मधील दुरुस्तीने बदलले आहे, जुन्या कागदांत जुने नाव आढळेल.)

मग आतील पायऱ्या कोणत्या? १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासूनचा वनजमिनीचा ताबा. ‘इतर पारंपरिक वननिवासी’ या वर्गासाठी त्या तारखेपूर्वीच्या तीन पिढ्यांचे वास्तव्य, आणि पिढी म्हणजे २५ वर्षे, म्हणजे एकूण ७५ वर्षे. कसण्याच्या जमिनीस ४ हेक्टरची मर्यादा. हक्क वारसाने मिळेल, परंतु विकता वा हस्तांतरित करता येणार नाही. विवाहित असल्यास नोंद पतिपत्नी दोघांच्या नावे. यांतील पहिल्या दोन अटी आधीच्या, विक्रीच्या मनाईची अट सोबतची. पूर्वी सांगितलेला भेद येथे उपयोगी पडतो. अनुसूचित जमातींना ७५ वर्षांची अट नाही. ज्या समाजांचा त्या यादीत समावेश नाही त्यांनाच ती लागते. ७५ वर्षांचा लेखी कागद रानातल्या घरी कोठून असणार, असा प्रश्न पडेल. त्यासाठी नियमांत पुराव्यांचे अनेक प्रकार दिले असून, दावेदाराव्यतिरिक्त अन्य वडीलधाऱ्या व्यक्तींचे लेखी घेतलेले निवेदन हाही त्यांतील एक प्रकार आहे. मात्र निदान दोन प्रकारचे पुरावे जोडावयाचे असतात. गावातील वयोवृद्धांची निवेदने वेळीच लिहून घेणे हे तरुणांचे व शिक्षकांचे काम आहे; ते पुढील वर्षावर ढकलण्यासारखे नाही.

ग्रामसभेच्या ठरावाने ज्याचे समाधान झाले नसेल, त्याला ठरावाच्या दिनांकापासून ६० दिवसांत उपविभागीय समितीकडे अर्ज करता येतो, आणि त्या समितीच्या निर्णयावर पुन्हा ६० दिवसांत जिल्हा समितीकडे. तसेच, हक्क मान्य करण्याची व पडताळणीची प्रक्रिया पुरी होईपर्यंत ताब्यातील वनजमिनीवरून वननिवासीला काढून टाकता येत नाही, असे कलम ४ चे पाचवे पोटकलम सांगते. त्यातही ‘अन्यथा तरतूद असेल ते सोडून’ अशा अर्थाचे शब्द आहेतच. कायदा सहसा मोकळ्या हाताने काही देत नाही.

अट नेहमी गावकऱ्याच्याच विरुद्ध असते, असे मात्र मानू नये. याच अधिनियमाच्या कलम ३ चे दुसरे पोटकलम पाहा. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रास्त भावाचे दुकान, वीज व दूरसंचाराच्या तारा, पिण्याच्या पाण्याची योजना, रस्ता अशा तेरा सुविधांसाठी शासनाला वनजमीन देता येते. प्रत्येक वेळी ती एक हेक्टरपेक्षा कमी असावी, आणि तोडावयाची झाडे हेक्टरी ७५ हून अधिक नसावीत. आणि मग ते दोन शब्द येतात : अशा कामाची मंजुरी ग्रामसभेने शिफारस केली असण्याच्या अटीस ‘सब्जेक्ट’ आहे. येथे धनी कोण? ग्रामसभा. नंदिगड्ड्याच्या वाडीला रस्ता हवा असेल आणि तो रानातून जाणार असेल, तर या तरतुदीखालील मंजुरी गावाच्या ठरावाच्या अधीन राहते. ज्या दोन शब्दांनी गावकरी एरवी दारात ताटकळतो, त्याच दोन शब्दांनी येथे किल्ली त्याच्या हाती दिली आहे. ठरावच झालेला नसेल, तर काम अडल्याचा दोष वरच्या कचेरीला देण्यात अर्थ नाही.

या शब्दप्रयोगाचा एक मोठा दोष सांगितला पाहिजे. तो अट सांगतो, परंतु ती कोणी पुरी करावयाची हे सांगत नाही. ‘सब्जेक्ट टू व्हेरिफिकेशन’ : पडताळणी कोण करणार? शेतकरी समजतो, बँकेचा माणूस येईल. बँक समजते, शेतकरी पहाणीचा उतारा आणून देईल. दोघेही प्रामाणिकपणे एकमेकांची वाट पाहतात, आणि मध्ये पेरणीचे दिवस निघून जातात. मुदतीचेही तसेच. कर्मवाच्य रचनेचा आडोसा घेऊन वाक्यातील कर्ता नाहीसा झालेला असतो. म्हणून असे पत्र आले की स्वस्थ न बसता उलट टपाली विचारणा करावी. तिचा एक नमुना असा :

‘आपले दिनांक अमुक रोजीचे पत्र मिळाले. त्यात मंजुरी जमिनीच्या कागदपत्रांच्या पडताळणीच्या अधीन असल्याचे म्हटले आहे. ही पडताळणी आपल्या कार्यालयाकडून होणार आहे किंवा मी कागदपत्रे सादर करावयाची आहेत, ते कृपया कळवावे. मी सादर करावयाची असल्यास कोणते कागद, कोणाकडे व कोणत्या दिनांकापर्यंत द्यावेत, याचाही उल्लेख असावा. पडताळणी झाल्यावर वेगळे अंतिम पत्र मिळेल काय, हेही कळविण्याची विनंती आहे.’

शेवटचा प्रश्न विसरू नये. वनजमिनीच्या मोठ्या प्रकरणांत तर तत्त्वतः मंजुरी व अंतिम मंजुरी अशा दोन निराळ्या पायऱ्याच असतात, आणि पहिलीतील अटींची पूर्तता झाल्यावरच दुसरी मिळते. पहिल्या पत्राच्या बळावर कुऱ्हाड चालविता येत नाही.

असे पत्र मराठीत लिहिले तर चालेल काय, अशी शंका सीमाभागातील वाचक घेतील. गाऱ्हाण्याच्या निवारणासाठी संघराज्याच्या वा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे, संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत निवेदन देण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद ३५० ने प्रत्येक व्यक्तीला दिला आहे. या अनुच्छेदाच्या आरंभी ‘सब्जेक्ट टू’ हे शब्द नाहीत, ही गोष्ट अभ्यासकाने टिपून ठेवावी. शेजारच्या अनुच्छेद ३४५ मध्ये, राज्याने आपली राजभाषा ठरविण्याचा अधिकार सांगताना, ते आहेत. अर्थात उत्तरही त्याच भाषेत मिळेल असे अनुच्छेद ३५० म्हणत नाही. म्हणून व्यवहारात मराठी अर्जासोबत कन्नड किंवा इंग्रजी भाषांतराची प्रत जोडणे सोयीचे पडते. ती जोडणे ही आपली सोय आहे, हक्काची अट नव्हे.

शिक्षकांनी वर्गात सरावासाठी पुढील वाक्ये द्यावीत आणि प्रत्येकात अट आधीची, सोबतची की नंतरची, किंवा अट नसून धोका सांगितला आहे, ते विचारावे. ‘अ‍ॅडमिशन इज सब्जेक्ट टू पेमेंट ऑफ फीज.’ ‘लो फील्ड्स नियर द रिव्हर आर सब्जेक्ट टू फ्लडिंग.’ ‘द हाउस इज गिव्हन सब्जेक्ट टू द कंडिशन दॅट इट शॅल नॉट बी सोल्ड.’ ‘द सिलेक्शन लिस्ट इज सब्जेक्ट टू द डिसिजन ऑफ द कोर्ट.’ पहिले वाक्य आधीच्या अटीचे, दुसरे धोक्याचे, तिसरे सोबतच्या अटीचे आणि चौथे नंतरच्या अटीचे. वरच्या वर्गांसाठी एक वाक्य थोडे कठीण घ्यावे : ‘सब्जेक्ट टू द रेकमेंडेशन ऑफ द ग्रामसभा, द रोड मे बी कन्स्ट्रक्टेड.’ मुले ‘मे बी’ पाहून ‘रस्ता कदाचित होईल’ असे उत्तर देतील. येथील ‘मे’ शक्यतेचा नसून परवानगीचा आहे : ग्रामसभेने शिफारस केल्यास रस्ता बांधता येईल. मग मुलांना विचारावे, या वाक्यात पुढचे पाऊल कोणी उचलावयाचे आहे? रस्ते बांधणाऱ्या खात्याचे नाव बहुतेक जण घेतील. त्यांना वाक्य पुन्हा एकदा, पहिल्या शब्दापासून वाचावयास सांगावे.